घरची पार्टी, छोटी कंपनी

1968 साली अमेरिकेतल्या गॅरी या पोलाद कारखान्यांच्या शहरात ‘स्टीलटाउन’ नावाच्या छोट्या कंपनीने जॅक्सन भावंडांची पहिली तबकडी काढली. त्यातला मायकल जॅक्सन तेव्हा नऊ वर्षांचा होता. बड्या कंपनीने पुढच्याच वर्षी त्यांना जगभर नेलं. पण पहिला विश्वास टाकला तो गावातल्या कंपनीने.

आपल्याकडे हे काम कॅसेटने केलं. शिंदे घराणं त्याचं ठळक उदाहरण. मूळ मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे (1933–2004) लहानपणी आई-वडिलांसोबत रस्त्यावर गात, पुढे तबकड्यांमुळे घरोघरी पोचले. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद गाऊ लागली, तो 1980च्या दशकातला कॅसेटचा काळ होता. ‘नवीन पोपट हा’ या गाण्याने आनंद शिंदे यांचं नाव एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत नेलं.

कॅसेट काढणाऱ्या नव्या कंपन्यांना गायन पार्टी परवडायची. पेटी, ढोलकी, बेंजो आणि कोरस, सगळा संच बहुधा घरातला नाहीतर भावकीतला. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. त्यामुळे आधी शेर, मग मुखडा, मग अंतरा, कोरसची उचल, बेंजोचा तुकडा, असं कार्यक्रमात रंगतं तसं गाणं फितीवर उतरू शकलं. चार मिलिमीटरहूनही अरुंद असलेल्या त्या फितीने भीमगीतं आणि लोकगीतं मुंबईहून मराठवाड्यात आणली.

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावांत आजही कुणाच्या फडताळात अशा कॅसेटी असतील. कंपनीच्या गाण्यांच्या प्रती इतरत्र मिळतील. गावातल्या पार्टीचं भीमजयंतीला टेप केलेलं गाणं मात्र त्या एकाच फितीवर असतं. त्या कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आधी मोडा, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरं काही टेप होणार नाही. मग दोन्ही बाजू अखंड उतरवून घ्या. कव्हरवरच्या कागदाचा फोटोही काढा. कवीचं आणि ढोलकीवाल्याचं नाव अनेकदा तिथेच सापडतं. फितीवरचा थर वर्षागणिक झिजतो आहे, म्हणून हे काम याच उन्हाळ्यात उरकून घ्या.