तारा पडण्याआधी

सप्टेंबर 2025 मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत इतका पाऊस झाला, की घरांच्या छतावर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या बोटी आणि लष्कराचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. धाराशिव म्हणजे दुष्काळी जिल्हा, म्हणून इथल्या घरांची सगळी तयारी पाणी नसण्याची!

वादळ मात्र दरवर्षीचं. एप्रिल-मे महिन्यांत बालाघाटाच्या पठारावर दुपार तापते, चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, आणि दगड ठेवून दाबलेले पत्रे उडतात. पत्र्यांना हूक आणि नट-बोल्टच हवेत. वाऱ्यात निसटलेला दगड खाली झोपलेल्याच्या डोक्यात पडतो.

वीज गेली की आधी पाणी अडतं, कारण बोअरची मोटार बंद. त्यामुळे ढग दिसताच टाकी, हंडे भरावेत, मोबाइल चार्ज करावा. आधार, सातबारा, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत उंचावर असावं.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप 20 ते 40 किलोमीटर परिसरातल्या विजांचा इशारा देतं. अ‍ॅप नसेल तर कान आहेत: लखलखाटानंतर 30 सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी चिंचेखाली थांबू नये, जनावरंही तिथे बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच थांबावं.

तुटलेली तार काठीनेही हलवू नये. महावितरणला 1912 वर कळवावं. वीज परतल्यावर फ्रिज, टीव्ही लगेच लावू नयेत. आधी एक बल्ब लावून दाब स्थिर आहे का, ते पाहावं.