शिक्का कोणता मारायचा?

‘पेपर्स, प्लीज’ हा लुकास पोप यांचा २०१३चा व्हिडिओ गेम. काळ १९८२चा, आर्स्टोट्झका हा देश काल्पनिक. खेळणारा सीमेवरच्या नाक्यावर तपासनीस असतो. पासपोर्ट पाहायचा, परवाना जुळवायचा, शिक्का मारायचा. कमाई माणशी ठरलेली. त्यातूनच घरभाडे, अन्न, औषध.

एका प्रवाशाचे कागद चोख असतात, तो आत जातो. मागून येणाऱ्या त्याच्या बायकोकडे मात्र प्रवेश-परवाना नाही. परत पाठवले तर मारून टाकतील, असे ती सांगते. तिला सोडले तर तुमच्या नावावर चूक लागते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढे दंड. आणि तो दंड घरच्यांच्या ताटातून जातो.

विचार करणे सोडलेली साधी माणसेही भयंकर कृत्यांत सामील होतात, असे विचारवंत हाना आरेन्ट यांनी नाझी अधिकारी आइकमन याच्या खटल्यावरच्या १९६३च्या पुस्तकात मांडले. वाचताना आपण त्या माणसांपासून दूर असतो. या गेममध्ये मात्र रांग वाढते, वेळ संपत येते आणि चेहऱ्यांकडे न बघता आपण नुसत्या तारखा तपासू लागतो. या गेमचे मोठेपण मला यातच दिसते. त्याला २० वेगवेगळे शेवट आहेत. काहींत बंडखोरांना साथ देता येते, काहींत सीमेपलीकडे पळून जाता येते.