जुन्या गाडीचे ब्रेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अँबेसेडर २०१४ साली बनायची थांबली, प्रीमियर पद्मिनी त्याच्याही कितीतरी आधी. तरी सेलूसारख्या गावात वडिलांच्या हातची एखादी गाडी अजून शेडमध्ये जपलेली असते आणि लग्नाकार्याला, सणावाराला वर्धा-नागपूर रस्त्यावर निघते. इंजिन, रंग, सीटकव्हर यांवर हौसेने खर्च होतो. ब्रेकचा विचार मात्र तो लागेनासा झाल्यावर होतो. या गाड्यांच्या जुन्या मॉडेलांत चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुधा एकच सर्किट असतं. म्हणजे एका चाकाकडे पाइप फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून पुढचे गैरसमज वेळीच दूर झालेले बरे.

गैरसमज : गाडी फारशी चालत नाही, मग ब्रेक कशाने खराब होणार?

वस्तुस्थिती : ब्रेकच्या भागांचं वय किलोमीटरपेक्षा वर्षांवर मोजायचं. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की हे पाणी ब्रेकच्या सिलिंडरला आतून गंज चढवतं. शिवाय तेल लवकर उकळू लागतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. वारंवार ब्रेक मारून ड्रम तापले की तेलात वाफ धरते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी तेल बदलावं.

गैरसमज : तेल कमी झालं की वरून भरलं, काम झालं.

वस्तुस्थिती : ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पातळी पुन्हा पुन्हा उतरते म्हणजे गळती आहेच. ड्रम उतरवा आणि व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट स्क्रू-ड्रायव्हरने अलगद उचला. आतून तपकिरी तेल ओघळलं तर आतला रबर कप गेला. तेल लायनरवर उतरलं असेल तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. असे लायनर पुसून लावू नका, बदला. आणि त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदला.

गैरसमज : बाहेर थेंबही नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर ठणठणीत.

वस्तुस्थिती : कप झिजला की तेल आतल्या आतच मागे सरकतं. गाडी उभी करून पेडल पायाने एकसारखं दाबून धरा. मिनिटभरात ते हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरमध्येच आहे.

गैरसमज : नवीन किट टाकलं की सिलिंडर नवा झाला.

वस्तुस्थिती : किटमध्ये मुख्यतः रबर असतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवीन कपही लवकरच कापला जातो. आत नख फिरवून पाहा. नुसता डाग असेल तर होनिंगने जातो. नख अडकलं तर स्लीव्ह बसवून घ्या किंवा सिलिंडरच बदला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं किट टाळा, कारण रबर पाकिटातही कडक होतं.

गैरसमज : अडचणीच्या वेळी कोणतंही तेल चालतं.

वस्तुस्थिती : इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल यांनी ब्रेकचं रबर फुगतं. एकदा असं तेल गेलं की सगळे कप आणि होज पाइप बदलण्याशिवाय इलाज नाही. सुटे भाग धुवायलाही पेट्रोल नको, ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं. ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये. डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी ते वेगळं तेल आहे.

गैरसमज : पंपिंग केल्यावर ब्रेक लागतो, म्हणजे फक्त हवा काढायची.

वस्तुस्थिती : आधी ब्रेक शू अ‍ॅडजस्ट करा. शू ड्रमपासून लांब असले तरी पंपिंग करावंच लागतं. मग हवा काढा, तीही मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्याकडे ते साधारणपणे मागचं डावं चाक. हवा पुन्हा धरत असेल तर ती कुठून शिरते ते शोधा. पाय काढल्यावरही चाक जाम राहत असेल तर रबरी होज तपासा. तो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगला की तेल परत येऊ देत नाही.

काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, कमी वेगाने घ्या आणि त्याआधी हँडब्रेक नीट धरतो याची खात्री करा. सेलूजवळून समृद्धी महामार्ग जातो. तिथली १२० ची वेगमर्यादा एका सर्किटच्या ड्रम ब्रेकसाठी नाही. ही गाडी गावच्या रस्त्यावर बेताने चालवा आणि रंगाच्या आधी ब्रेकवर खर्च करा. आत आपलीच माणसं बसलेली असतात.