घसा बरा झाला, मग डोळा का लाल?

मुलाचा डोळा लाल दिसला की आपण म्हणतो, "डोळे आलेत." घरात उरलेले ड्रॉप घालतो आणि चार दिवस वाट बघतो. पण प्रत्येक लाल डोळा म्हणजे डोळे येणे नव्हे. आज आम्ही सांगणार आहोत घशाच्या दुखण्यानंतर होणाऱ्या डोळ्याच्या सुजेबद्दल.

घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि आपोआप बरा होतो. कधी मात्र स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो. मग ताप येतो, गिळताना दुखतं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, गळ्याला गाठी येतात; सर्दी-खोकला सहसा नसतो. शरीर या जंतूशी लढतं. पण क्वचित, घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, हीच लढाई चुकून आपल्याच डोळ्यावर उलटते. जंतू डोळ्यात जात नाही, तरी डोळ्याच्या आतला रंगीत पडदा सुजतो. याला युव्हिआयटिस म्हणतात. हा त्रास जास्त करून मुलांना आणि तरुणांना होतो, बहुधा दोन्ही डोळ्यांना.

मग ओळखायचं कसं? डोळे आले की चिपडं येतात, पापण्या चिकटतात, डोळा चुरचुरतो. युव्हिआयटिसमध्ये चिपडं नसतात. डोळा आतून ठणकतो, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, लाली बुबुळाभोवती जास्त असते.

असं दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. "महिन्याभरात घसा दुखला होता, ताप होता," हे आवर्जून सांगा. ते यंत्रातून डोळा तपासतात, गरज वाटली तर एएसओ ही रक्ततपासणी करतात. सूज उतरवणारे आणि बाहुली मोठी करणारे ड्रॉप देतात. बाहुली मोठी ठेवली नाही तर रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांची नजर चांगली राहते.

सूज उतरवणारे ड्रॉप स्टेरॉइडचे असतात. दुकानातून मनाने आणून घातले तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, बुबुळावरची जखम चिघळू शकते. मध, दूध, एरंडेल काहीही डोळ्यात घालू नका.

आणि घशासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नका. याच जंतूमुळे पुढे हृदयाच्या झडपाही खराब होऊ शकतात. पूर्ण औषधाने ते टळतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे नक्की सांगा: डोळा लाल आहे, दुखतोय आणि उजेड नको वाटतोय, तर वाट बघायची नाही.