दोन चौकटींच्या मधलं काम

मुंबईहून १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघू लागली आणि पुढे मराठीतूनही त्यांतला नायक वेताळ वाचायला मिळाला. त्याचा ठोसा आपण कागदावर पाहिला. हात मागे कधी गेला, हे मनातच भरून घेतलं. कॉमिकची ॲनिमेशन मालिका करताना खरी मेहनत या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असते.

उदाहरणाला ‘इन्व्हिन्सिबल’ घेऊ. २००३ ते २०१८ या काळात या अमेरिकी कॉमिकचे १४४ अंक निघाले आणि २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर प्रौढांसाठी त्याची मालिका आली.

आधी हक्क. ते लेखकाकडेच असतील असं धरून चालू नका. बऱ्याचदा ते प्रकाशकाकडे असतात. इथे मात्र ते कॉमिकच्या निर्मात्यांकडेच होते, म्हणून मूळ लेखक रॉबर्ट कर्कमन मालिकेच्या लेखनातही आहे.

मग कथेची फेरमांडणी. (मालिका पाहायची असेल, तर हा परिच्छेद सोडा.) नायकाचा बाप आपल्याच साथीदारांना मारतो, हा धक्का कॉमिकमध्ये सातव्या अंकात येतो. मालिकेने तो पहिल्याच भागाच्या शेवटी आणला. कॉमिकमध्ये ते झटपट मरतात. पडद्यावर ते जिवाच्या आकांताने लढतात आणि बापही जबर जखमी होतो. इथेच पुष्कळ जण चुकतात. रक्त वाढवलं की मालिका प्रौढांची झाली, असं त्यांना वाटतं. पण प्रौढ प्रेक्षकाला घाव किती महागात पडला, हे दिसावं लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

पुढे स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याची कच्ची चित्रं. समजा, आपला वीर शिरड शहापूरहून उडून औंढ्याच्या नागनाथ मंदिरापाशी उतरतो. कॉमिकला दोन चौकटी पुरतात. इथे मात्र ठरवावं लागतं: खालची शेतं दिसतील का? उड्डाण दोन सेकंदांचं की दहा? कॉमिकच्याच चौकटी उचलून ओळीने लावल्या, तर दृश्य अडखळतं.

संवाद सहसा चित्रांआधी ध्वनिमुद्रित होतात, कारण ओठ आवाजाप्रमाणे हलवायचे असतात. तो आवाज कच्च्या चित्रांना जोडला की ॲनिमॅटिक, म्हणजे मालिकेचा कच्चा आराखडा तयार होतो. हे आपणही करून पाहू शकता: पेन्सिलीची चित्रं, त्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो आणि स्वतःचा आवाज. रटाळ भाग इथेच कळतो, आणि इथे कापणं स्वस्त पडतं.

कारण पुढचा हिशेब मोठा आहे. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. म्हणजे ४५ मिनिटांच्या भागाला, सतत हालचाल धरली तर, ३२,४०० चित्रं. म्हणून बोलण्याच्या दृश्यांत फक्त ओठ आणि डोळे हलतात, आणि वाचलेले पैसे हाणामारीला जातात. काटकसर दिसते, पण संवाद चांगला असेल तर आपण ती खपवून घेतो.