मेकला काहीच कळत नाही

१९७६ सालची गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन चरफडत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. जॉन्सन काही नवशिके नव्हते. ‘याक’ हे गाजलेलं साधन त्यांचंच. पण अख्खी सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती आणि चूक काही सापडत नव्हती. सापडणार कशी? ती त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती. डोळे नवा मजकूर वाचत होते आणि मशीन जुनाच तुकडा चालवत होतं. फेल्डमन यांना हसायची सोय नव्हती, कारण त्यांचीही आदली संध्याकाळ अशाच घोळात गेली होती. त्याच शनिवार-रविवारी त्यांनी एक प्रोग्राम लिहून काढला. त्याचं नाव मेक.

याला पन्नासेक वर्षं झाली. आजही लिनक्सचा गाभा उभा करायचा असेल, तर टर्मिनलवर ‘मेक’ एवढंच टाइप करतात.

हा घोळ मुळात होतो कशामुळे, ते आधी पाहू. सी भाषेतला मोठा प्रोग्राम एका फाइलीत मावत नाही. समजा, पगारपत्रकाचा प्रोग्राम आहे आणि त्याच्या मुख्य.सी, हिशोब.सी, छपाई.सी अशा तीन फाइली आहेत. प्रत्येक फाइल वेगळी कंपाइल होते आणि तिची मशीनला कळणारी .ओ फाइल तयार होते. मग तिन्ही .ओ फाइली जोडून ‘पगार’ हा चालणारा प्रोग्राम बनतो. एका फाइलीत एक ओळ बदलली की सगळंच पुन्हा कंपाइल करावं, तर त्या काळच्या मशीनवर वेळ फार जायचा. बदललं तेवढंच करावं, तर नेमकं काय बदललं ते लक्षात ठेवायला हवं. आणि रात्री उशिरा ते लक्षात राहत नाही.

मेकला आपण फक्त कोण कोणावर अवलंबून आहे ते सांगायचं. मेकफाइल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत ते असं लिहितात:

पगार: मुख्य.ओ हिशोब.ओ छपाई.ओ
	सीसी -ओ पगार मुख्य.ओ हिशोब.ओ छपाई.ओ

पहिल्या ओळीचा अर्थ: ‘पगार’ला या तीन फाइली लागतात. दुसरी ओळ म्हणजे तो बनवायची कमांड. अशाच जोड्या प्रत्येक .ओ फाइलीसाठी. या जोड्या कोणत्याही क्रमाने लिहिल्या तरी चालतात, फक्त पहिली कोणती याला महत्त्व आहे, कारण नुसतं ‘मेक’ म्हटलं की तो तिथूनच सुरुवात करतो. मला यातली खरी गंमत इथे वाटते. मेक वरून खाली जात नाही, शेवटाकडून मागे जातो. ‘पगार’ हवा? मग हिशोब.ओ ताजी आहे का? त्यासाठी हिशोब.सी पाहू. असं मागे मागे जात तो माणसाने हाताने लिहिलेल्या फाइलींपाशी पोहोचतो आणि तिथून गरजेपुरतं बांधत परत येतो. छपाई.सी बदलली असेल, तर एकदा कंपाइल आणि एकदा जोडणी, बस. बाकीच्या दोन फाइलींना तो हातही लावत नाही.

पण बदललं काय, हे त्याला कळतं कसं? कळत नाही. तो फाइल उघडून आत डोकावतही नाही, आणि मागच्या वेळी काय केलं याची वहीही ठेवत नाही. युनिक्स प्रत्येक फाइलीत शेवटचा फेरफार कधी झाला ती वेळ आपण होऊन नोंदवून ठेवतंच. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, या आकड्यात. मेक हिशोब.सी आणि हिशोब.ओ यांचे आकडे शेजारी ठेवतो. .सी नंतरची असेल तर कमांड चालवतो, नसेल तर पुढे जातो. सगळी हुशारी एवढ्या एका वजाबाकीत आहे.

म्हणून त्याला फसवणंही सोपं. युनिक्समध्ये ‘टच’ नावाची कमांड आहे. ती फाइलीतलं अक्षरही न बदलता तिची वेळ आत्ताची करते. हिशोब.सीला ‘टच’ करा, मेक निमूटपणे ती पुन्हा कंपाइल करेल. नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनचं घड्याळ पुढे असेल, तर एखादी फाइल चक्क भविष्यात लिहिलेली दिसते. तेव्हा आजचा ग्नू मेक घड्याळं जुळत नसल्याची तक्रार करतो आणि बांधणी अपुरी राहिली असेल असं बजावतो. गूगलच्या बेझलसारखी नंतरची साधनं वेळेऐवजी मजकुराचाच ठसा काढून पाहतात. ते जास्त भरवशाचं, यात वाद नाही. पण मग ठसे जपून ठेवायला वही आलीच.

आणि हे अडाणीपण वाया गेलेलं नाही. सी कळत नाही, म्हणूनच मेक कशालाही चालतो: फोरट्रान, आकडेवारीचे आलेख, पुस्तकाची पीडीएफ. ‘मेक -एन’ म्हटलं की तो सहसा कमांड न चालवता काय केलं असतं तेवढं छापून दाखवतो. अनोळखी मेकफाइल चालवण्याआधी ही सवय फार कामाची. ‘मेक -जे८’ म्हटलं की एका वेळी आठ कामं सुरू करतो. कोणतं काम कोणावाचून अडत नाही हे त्या जोड्यांमधून आपोआपच दिसतं, त्यामुळे अनेक प्रोसेसरांची मशीनं आली तेव्हा चांगल्या लिहिलेल्या मेकफाइलींना ओळही बदलावी लागली नाही.

एक जुनं दुखणं मात्र सांगायलाच हवं. वरच्या उदाहरणात कमांडच्या आधी मोकळी जागा दिसते, ती टॅबच असावी लागते. स्पेस दिलीत तर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणत मेक थांबतो, आणि डोळ्यांना दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही. फेल्डमन यांनी तेव्हा नवीन असलेलं लेक्स हे साधन शिकायचं ठरवलं, त्यात गुरफटले आणि ‘नवी ओळ, मग टॅब’ असा सोपा नियम करून मोकळे झाले. काही आठवड्यांनी चूक जाणवली, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच. त्यांच्या फाइली मोडायच्या कशा? बाराजणांची भीड लाखोंना भोवली. २००३ साली मेकसाठी फेल्डमन यांना एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, टॅबसकट.

करून पाहायचं असेल तर ग्नू मेक आणि सीचा कंपायलर असलेल्या कोणत्याही लिनक्सवर रिकाम्या फोल्डरमध्ये सीचा छोटासा प्रोग्राम नमस्कार.सी या नावाने ठेवा. मेकफाइल लिहूच नका. ‘मेक नमस्कार’ म्हणा. मेक स्वतःच कंपायलरला हाक मारेल आणि ‘नमस्कार’ तयार होईल. मग सी कळतं की काय याला? ‘मेक -पी’ देऊन पाहा. पडद्यावर शेकडो ओळी सरकतील. हे मेकमध्ये आधीपासून भरून ठेवलेले नियम, मेकफाइलच्याच भाषेत लिहिलेले. आता तयार झालेली ‘नमस्कार’ फाइल पुसा आणि ‘मेक -आर नमस्कार’ म्हणा, म्हणजे ते नियम बाजूला राहतील. समोर नमस्कार.सी असूनही उत्तर येईल: नो रूल टू मेक टार्गेट.