निष्कास-वायू पुनराभिसरण झडप

निष्कास-वायू पुनराभिसरण झडप : मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळित वायूंचा काही भाग सिलिंडरांत जाणाऱ्या ताज्या हवेत पुन्हा मिसळू देणारी नियंत्रक झडप. गॅरेजांत ती ‘ईजीआर व्हॉल्व्ह’ या नावाने ओळखली जाते. निष्कास वायूंतील नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे प्रमाण कमी करणे हे तिचे कार्य असून एंजिनाची शक्ती वाढविण्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे ती बंद स्थितीत अडकली असता कित्येकदा चालकाला काहीच जाणवत नाही. उपद्रव होतो तो रस्त्यालगत राहणाऱ्यांना व पायी चालणाऱ्यांना. दुरुस्तीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

तत्त्व : हवेत आकारमानाने सु. ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. सामान्य तापमानास त्यांचा परस्परांशी संयोग होत नाही. परंतु ज्वलन कोठीतील तापमान सु. १,५००° से. च्या वर गेले म्हणजे त्यांपासून नायट्रिक ऑक्साइड बनू लागते व तापमानाबरोबर ही निर्मिती झपाट्याने वाढते. बाहेरच्या हवेत त्याचे नायट्रोजन डाय-ऑक्साइडात रूपांतर होते. या वायूने श्वासनलिकांचा दाह होतो. तसेच सूर्यप्रकाशात व हायड्रोकार्बनांच्या सान्निध्यात त्यापासून ओझोन तयार होतो. जळित वायूंत ऑक्सिजन कमी, तर कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ अधिक असते. ते ताज्या हवेत मिसळल्याने ऑक्सिजनाचे प्रमाण घटते, मिश्रण अधिक उष्णता शोषून घेते आणि ज्वालेचे कमाल तापमान उतरते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

अमेरिकेत १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोटारगाड्यांना अशा झडपा बसविण्यास सुरुवात झाली. भारतात निष्कास मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली, तसा त्यांचा प्रसार झाला. मुंबईसह १३ शहरांत एप्रिल २०१० मध्ये लागू झालेल्या भारत स्टेज-४ मानकानुसार डीझेल मोटारगाडीला दर किमी. मागे ०·२५ ग्रॅ. नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकात ती ०·०८ ग्रॅ. वर आली.

रचना व कार्य : निष्कास नळ व हवा आत नेणारा अंतर्गम नळ यांना जोडणाऱ्या मार्गात ही झडप असते. जुन्या प्रकारात निर्वाताने ओढल्या जाणाऱ्या पटलामुळे झडपेचा दांडा उचलला जातो. नव्या प्रकारात हे काम लहान विद्युत् चलित्र करते आणि झडप किती उघडली आहे हे संवेदकाद्वारे गाडीच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकास कळते. बहुतेक डीझेल गाड्यांत वायू थंड करणारा शीतकही जोडलेला असतो. एंजिन थंड असताना व पूर्ण भार असताना झडप सामान्यतः मिटलेली, तर मध्यम भार व स्थिर वेग असताना उघडी असते. पेट्रोल एंजिनात ती निष्क्रिय गतीलाही मिटलेली असते. डीझेल एंजिनात मात्र हलक्या भाराला ती पुष्कळ उघडते.

बिघाडाची कारणे व लक्षणे : निष्कास वायूंतील काजळी आणि एंजिनाच्या तेलपेटीतून येणारी तेलाची वाफ यांच्या मिश्रणाचा चिकट थर झडपेवर व नळांच्या आतील बाजूस साचतो. एंजिन पुरेसे तापत नसेल, तर हा थर लवकर वाढतो. झडप उघड्या स्थितीत अडकली, तर गाडी थांबलेली असताना एंजिन थरथरते वा बंद पडते, चढावर जोर कमी पडतो आणि डीझेल गाडी काळा धूर सोडते. ती मिटलेल्या स्थितीत अडकली, तर पेट्रोल एंजिनात ठोके ऐकू येतात. डीझेल एंजिनात बहुधा दर्शक दिवा लागण्यापलीकडे काही जाणवत नाही. दर्शक यंत्रावर पी ०४०१ हा संकेत अपुऱ्या, तर पी ०४०२ हा अतिरिक्त प्रवाहाचा निदर्शक असतो.

मुंबईतील परिस्थिती : दक्षिण व मध्य मुंबईतील वाहतूक या बिघाडास पोषक आहे. गिरगावातील अरुंद रस्ते किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील लालबाग, परळ ते दादर हा पट्टा यांतून गाडीला थांबत थांबत, हलक्या भाराने जावे लागते. गिरगावहून दादर सु. ८ किमी. असून अशा छोट्या फेऱ्यांत एंजिन पूर्णपणे तापून स्थिर वेगाने चालण्याचे प्रसंग थोडे येतात. टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मोठ्या प्रमाणावर सीएनजीकडे वळल्या. या इंधनापासून काजळी फार कमी होते. त्यामुळे काजळीने झडप तुंबण्याचा प्रश्न मुख्यत्वे डीझेल गाड्यांचा आहे.

परळ-लालबाग भागात एके काळी कापड गिरण्यांच्या धुराड्यांचा उपद्रव मोठा होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व धुराडी थंडावली; वाहनांची रहदारी मात्र वाढली. वाहनांचे वायू जमिनीलगत, माणसाच्या श्वासाच्या उंचीवर सोडले जातात. त्याच परळमध्ये के. ई. एम. व टाटा स्मारक ही रुग्णालये असून रुग्ण व त्यांचे नातेवाईक लगतच्या पदपथांवर तासन् तास थांबतात.

निदान व दुरुस्ती : प्रथम दर्शक यंत्राने संकेत वाचावा, पण केवळ संकेतावरून नवी झडप बसवू नये. फाटलेली निर्वात नळी, सैल विद्युत् जोड किंवा तुंबलेला मार्ग यांमुळेही तोच संकेत मिळतो. निर्वातचलित झडप असलेल्या पेट्रोल गाडीत एंजिन निष्क्रिय गतीला ठेवून हातपंपाने पटलाला निर्वात द्यावा. एंजिन अडखळले, तर मार्ग मोकळा आहे. काहीच फरक पडला नाही, तर पटल फाटलेले किंवा मार्ग तुंबलेला आहे. विद्युत् प्रकारात यंत्राने झडप उघडण्याचा आदेश द्यावा आणि संवेदकाने दाखविलेल्या स्थितीशी तो जुळतो का ते पहावे.

साफसफाईसाठी एंजिन थंड झाल्यावर झडप काढावी व योग्य विद्रावक आणि मऊ ब्रश यांनी थर काढावा. विद्रावक चलित्रात वा जोडात शिरू देऊ नये. काजळी श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. अंतर्गम नळ व शीतकही तपासावेत. शीतक गळत असेल, तर एंजिनातील पाणी कमी होते व पांढरा धूर येतो. झडप परत बसविताना नवे पॅकिंग घालावे आणि आवश्यक तेथे नियंत्रकास झडपेच्या स्थितीची नव्याने नोंद करून द्यावी. गळके अंतःक्षेपक, तेल सोडणारा टर्बो किंवा तुंबलेली हवेची गाळणी तशीच राहिल्यास थर पुन्हा साचतो. झडपेचा दांडा झिजला असेल किंवा चलित्र जळाले असेल, तर ती बदलणे हाच उपाय होय.

मार्ग बंद करण्याची प्रथा : खर्च टाळण्यासाठी काही ठिकाणी झडपेच्या मार्गात धातूची पत्री बसवून तो कायमचा बंद करतात, नव्या गाड्यांत दिवा लागू नये म्हणून नियंत्रकाच्या आज्ञावलीतही फेरफार करतात. त्यानंतर गाडी सुरळीत चालते, त्यामुळे दोष गेला असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन वाढलेले असते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या नेहमीच्या चाचणीत डीझेल गाडीच्या धुराची घनता तेवढी मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जात नाहीत. मार्ग बंद केल्याने काजळी वाढत नाही, काही वेळा ती कमीच होते. म्हणून अशी गाडी चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० (२) नुसार हवा प्रदूषणविषयक मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक जागी चालविणे दंडनीय आहे.

भारतीय मानकानुसार (२००९) निवासी भागातील हवेत नायट्रोजन डाय-ऑक्साइडाची वार्षिक सरासरी मर्यादा दर घन मीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. झडपेच्या साफसफाईला लागणारा वेळ व पैसा मालकाला दिसतो. ती न केल्याची किंमत मात्र गाडीच्या हिशेबात कोठेच येत नाही. ती रस्त्यावर श्वास घेणाऱ्यांना भरावी लागते.